कॉर्नफ्लेक्सच्या डब्यातला लसणीचा वास

हरिश्चंद्र कोयंडे तेहतीस वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होता. जामसंड्यात अजूनही सगळे त्याला 'हरी कुक' म्हणतात, पण घरी त्याने कधी साधा चहासुद्धा केला नाही. जहाजावर असताना वर्षातले तीन-चार महिने तो घरी यायचा आणि पाहुण्यासारखा वाढलेलं खायचा. स्वयंपाकघर जानकीचं, त्याच्या बायकोचं. तिथे आपण नाक खुपसायचं नाही, असं त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत ठरवून टाकलं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तो ते पाळत होता.

मुलगा विनीत मुंबईला नोकरीला. सून रसिका गावातल्याच एका शाळेत शिकवायची, म्हणून ती आणि सहा वर्षांची संचिता जामसंड्याच्या घरात राहायच्या. ही संचिता सकाळी कॉर्नफ्लेक्सशिवाय कशाला हात लावायची नाही. घावणे नकोत, पेज नको, फोडणीचे पोहे तर ताटलीसकट ढकलून द्यायची. जानकीने आधी कुरकुर केली, मग नातीपुढे हार मानली. मुंबईहून येताना विनीत एकदम पाच-सहा पाकिटं आणून ठेवायचा.

समुद्राकाठच्या घरात पावसाळ्यात काही कोरडं राहत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ओढून ओढून झिजते, कपाटातल्या लुगड्यांना बुरशीचा वास येतो. तिथे कॉर्नफ्लेक्सचा काय पाड? पाकीट फोडलं की दोन दिवसांत ते चामट व्हायचे आणि संचिता वाटी पुढे सारून म्हणायची, "हे कुरकुरत नाहीत."

हरिश्चंद्राला याचं कारण पहिल्या दिवसापासून दिसत होतं. जानकी डबा ठेवायची चुलखंडाच्या वरच्या फळीवर. रोज सकाळी पेजेची वाफ थेट त्या डब्यावर जायची. आणि भांडी विसळता विसळता तशाच ओल्या हाताने ती मूठभर काढायची. जहाजावर त्याने तीस तीस माणसांचा नाश्ता भर समुद्रात कोरडा ठेवला होता. आतली पिशवी हवा काढून घट्ट गुंडाळायची, वर चिमटा लावायचा, किटलीपासून दूर ठेवायची, चार दिवसांपुरतंच छोट्या डब्यात काढायचं, आत कोरडा चमचाच घालायचा. तरी मऊ पडलेच तर मंद भट्टीत पाच मिनिटं. हे सगळं त्याच्या तोंडावर यायचं आणि तो पेपर उघडून बसायचा. बायकोला कशाला शिकवा, असं वाटायचं त्याला.

श्रावणातल्या एका मंगळवारी रसिकाला कॉर्नफ्लेक्समध्ये बारीक जाळी आणि दोन अळ्या दिसल्या. गुपचूप परसात जाऊन तिने सगळं फणसाच्या मुळात ओतलं. पण जानकीने ते खिडकीतून पाहिलं, आणि तिच्या मनाला ते फार लागलं. त्या दिवशी ती धड जेवली नाही.

"इतके दिवस त्या चेडवाक मी किडे चारलंय काय गो?" असं ती नातीबद्दल शेजारच्या नर्मदाकाकूंना विचारत होती. हरिश्चंद्राने ते ओसरीवरून ऐकलं, आणि नेहमीप्रमाणे पेपरचं पान उलटलं.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी जानकीचा भाऊ सत्यवान आला. त्याची वैभववाडीजवळच्या गावात भातशेती. येताना त्याने अर्धं पोतं तांदूळ आणि चार तवशी, म्हणजे मोठ्या गावठी काकड्या, आणली होती. हरिश्चंद्र तेव्हा घरी नव्हता. चष्म्याची काच बदलायला तो देवगडला गेला होता. बहिणीने भावाला अळ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. सत्यवान हसला आणि म्हणाला की हे एवढंसं काम आहे. त्याने आपल्या पिशवीतून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. तांदळात टाकायची गोळी, फडक्यात बांधून डब्यात ठेवायची, महिनोन् महिने कीड फिरकत नाही. एवढं सांगून, चहा पिऊन, तो सकाळच्याच गाडीला निघून गेला.

जानकीने तीन गोळ्या जुन्या पदराच्या तुकड्यात बांधल्या. तांदूळ, कॉर्नफ्लेक्सची सगळी पाकिटं आणि पोह्यांची पिशवी असं सगळं तिने पत्र्याच्या मोठ्या पिंपात रचलं, मधोमध ती पुरचुंडी ठेवली. पिंपाचं झाकण जुनं, एका बाजूने उचललेलं. पाऊस आडवा येत होता म्हणून तिने पिंप माजघरात ओढून ठेवलं आणि घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. माजघरातच खाटेवर संचिता दुपारची झोपायची.

हरिश्चंद्र तीनच्या सुमारास परत आला. पडवीत छत्री झटकत असतानाच त्याला आतून संचिताच्या ओकण्याचा आवाज आला. जानकी दारात आली, तिचा चेहरा उतरला होता.

"तुमी इलात? चेडवाक दोनदा उलटी झाली. माज्या पण डोक्यात घण घालता. सकाळचे कॉर्नफ्लेक्स नडले वाटता. मेले खराबच असतले."

तो चपला काढून आत गेला आणि उंबऱ्यावरच थांबला. घरात लसणीचा वास होता. ताज्या लसणीचा नव्हे. सडलेली मासळी आणि लसूण एकत्र केल्यासारखा, अगदी हलका, एकदा आला की पुन्हा शोधावा लागेल इतका.

"लसूण सोललंस काय गो?"

"नाय. आज शनवार. लसूण खंयची?"

त्याच्या डोळ्यांसमोर एकदम जहाजावरची एक केबिन आली, तिचं अर्धं उघडं दार आणि आतल्या बिछान्यावरचा त्याचा मदतनीस अँथनी. ते आठवायला त्याच्याकडे वेळ नव्हता. तो माजघरात शिरला. संचिता खाटेच्या कडेला वाकून बसली होती. ओठ पांढरे, कपाळ घामाने ओलं.

"आजो, माका चक्कर येता."

त्याने तिला उचलून खांद्यावर टाकली. पिंप दिसलं. झाकणाच्या फटीपाशी वास जास्त होता.

"जानकी, ह्या पिंपात काय घातलंस?"

"सत्यवानान गोळ्यो दिल्यान. किडीच्यो."

"किती?"

"तीन. कित्याक?"

"भायर चल."

"गॅसवर दूध आसा, बंद करून—"

"दूध ऱ्हवांदे. भायर चल म्हणतंय ना तुका."

चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी इतक्या खालच्या, दाबलेल्या आवाजात कधी बोलला नव्हता. जानकी त्या आवाजालाच घाबरली आणि तशीच अनवाणी बाहेर पडली. त्याने पुढचं दार सताड उघडं ठेवलं आणि दोघींना घेऊन पावसात रस्त्यावर आला. दुधासाठी परत जावं असं त्यालाही एकदा वाटलं, पण तो वळला नाही. चार घरं सोडून गुरुप्रसादची रिक्षा उभी होती. गुरुप्रसाद काही न विचारता निघाला.

रिक्षात पाऊस दोन्ही बाजूंनी आत येत होता. गोळ्या अकराच्या सुमारास टाकल्या, एवढं त्याने जानकीकडून काढून घेतलं. हरिश्चंद्राने पडदा वर करून ठेवला, पोरीच्या तोंडावर वारा लागू दिला. दर मिनिटाला तो तिला काहीतरी विचारायचा. शाळेत बाजूला कोण बसतं, बाईंचं नाव काय. ती उत्तर द्यायची, मग उत्तर द्यायला उशीर लागायला लागला. देवगड दिसेपर्यंत त्याने तिच्या छातीवरचा हात काढला नाही. हाताखाली ठोके पडत होते, पण फार घाईने.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. हरिश्चंद्राने प्रमाण मराठीत, जहाजावर कॅप्टनला सांगायचा तसं एकेक वाक्य तोलून सांगितलं, "डॉक्टर, अन्नातून विषबाधा नाही. धान्यात टाकायच्या गोळीचा वायू आहे. तीन गोळ्या, बंद घर, चार तास. दोघी आत होत्या."

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला खात्री आहे?"

"वास ओळखतो मी."

मग पळापळ झाली. ऑक्सिजन, सलाइन, छातीला तारा. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. या वायूवर उतारा असा नाही, ते म्हणाले. हृदयावर आणि फुप्फुसावर किती परिणाम झालाय ते कळायला एक-दोन दिवस जावे लागतील. आजींचं एवढं काळजीचं वाटत नाही. मुलगी लहान आहे, तिला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवू. "तिथे पोचेपर्यंत ती शुद्धीवर राहिली तर चांगलं," असंही ते म्हणाले.

निरोप मिळून शाळेतल्या बैठकीतून रसिका आली तेव्हा रुग्णवाहिका निघायच्या बेतात होती. तिने मुलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि ती आत चढून बसली. जानकी मागोमाग जायला निघाली तर डॉक्टरांनी तिला अडवलं. तिलाही रात्रभर देखरेखीखाली ठेवायचं होतं. रुग्णवाहिका वळणावरून दिसेनाशी झाली आणि तेवढ्यात हरिश्चंद्राला घर आठवलं.

घराचं दार उघडं होतं. आडवा पाऊस थेट आत जात असणार. आणि शेजारी नर्मदाकाकू, वय सत्तर, एकट्या. कोणाचं दार उघडं दिसलं, कोणाचे कपडे दोरीवर भिजताना दिसले की त्यांना राहवायचं नाही. त्या हमखास आत जाणार, पाणी पुसणार, दार लावून घेणार, आणि गॅसवरचं दूध उतू जाताना दिसलं की तिथेच थांबणार.

त्याने काकूंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही. घाईत त्याला गुरुप्रसादचा नंबर सापडेना. शेवटी कंपाउंडरने शोधून दिला. गुरुप्रसाद तोवर परत जामसंड्यात पोचला होता.

"नर्मदाकाकू खंय आसत ते बघ," हरिश्चंद्र म्हणाला. "आमच्या घरात असल्या तर भायरसून हाक मार. तू पाय टाकू नको. वोरडून बोलाव. ऐकतंस मां?"

फोन चालूच होता. पावसाचा आवाज, गुरुप्रसादच्या चपलांचा आवाज, मग त्याच्या हाका. एक, दोन. मग नुसता पाऊस. हरिश्चंद्र भिंतीला टेकून उभा राहिला. आपण घाईत दार उघडं ठेवलं ते वारा खेळावा म्हणून, आणि त्याच उघड्या दाराने म्हातारीला आत बोलावलं असेल, हा विचार त्याला सोडेना.

"पडवीत बसलेली आसत," गुरुप्रसादचा आवाज आला. "डोक्याक हात लावन. म्हणतत घरात कसलो तरी घाण वास इलो, म्हणान दूध बंद करून भायर इलंय."

"उठतत काय?"

"उठतत."

"रिक्षात घाल आणि हंय दवाखान्यात हाड."

काकू आल्या, तपासल्या गेल्या, दोन दिवस डोकं धरून राहिल्या आणि बऱ्या झाल्या. पण त्या संध्याकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या बाजूच्या खाटेवर जानकी छताकडे बघत पडली होती. हरिश्चंद्र स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"मी घातलंय त्यो," जानकी म्हणाली. "माज्या हातान. तिका काय झाला तर मी विनीताक तोंड कसा दाखवू?"

"माका ती गोळी म्हायत होती."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

तेव्हा त्याने सांगितलं. सतरा वर्षं झाली होती. जहाजात गहू भरला होता आणि किडीसाठी माल भरायच्या खणात ह्याच गोळ्या टाकल्या होत्या. खणाच्या शेजारच्या केबिनीत अँथनी झोपायचा, वसईचा, तेवीस वर्षांचा, हरिश्चंद्राच्या हाताखाली भाज्या चिरणारा. कुठल्यातरी जुन्या नळीच्या फटीतून वायू केबिनीत शिरला. पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं जेवण बाधलं. कॅप्टनने हरिश्चंद्राला उभं करून विचारलं, काय शिजवलंस, काय खायला घातलंस. स्वयंपाकघर बंद केलं, उरलेलं अन्न तपासणीसाठी बरणीत भरून ठेवलं. अर्धा दिवस सगळं जहाज त्याच्याकडे संशयाने बघत होतं. तोही स्वतःला विचारत होता, मासळी शिळी होती का, आपला हात कुठे चुकला का. दुपारी अँथनी गेला. त्यानंतर कोणाच्या तरी नाकाला लसणीचा वास लागला.

"तेव्हापासून तो वास माका म्हायत," हरिश्चंद्र म्हणाला. "घरी इलंय आणि कोणाकच सांगूक नाय. सांगलंय तर तुका वाटतला, ह्याच्याच जेवणान पोरगो गेलो."

"माका असा वाटला असता?" एवढंच तिने विचारलं. पिंपात गोळ्या घालताना तिला अडवायला तो घरात नव्हता, हे खरं; पण ही गोळी कुठली आणि काय करते हे सतरा वर्षांत एकदा जरी तिच्या कानावर घातलं असतं, तर त्याच्या घरात असण्याची गरजच पडली नसती.

रसिकाचा फोन सकाळी सातला आला. त्याने तो लगेच उचलला नाही. तीन वेळा वाजू दिला, मग कानाला लावला. संचिताचे ठोके रात्री दोनदा मंदावले होते, आता ठीक पडत होते. तिने पाणी मागितलं होतं. डॉक्टर अजून एक दिवस थांबा म्हणत होते. फोन ठेवल्यावर हरिश्चंद्र दवाखान्याच्या मोरीत गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. बाहेर आला तेव्हा जानकी त्याच्याकडे बघत होती. त्याने मान डोलावली आणि ती रडायला लागली.

चौथ्या दिवशी पोरगी घरी आली, मुंबईहून धावत आलेल्या विनीतच्या कडेवर. त्याआधी तालुक्याहून तोंडाला मुखवटे लावलेली दोन माणसं येऊन पिंप उचलून घेऊन गेली होती. पुरचुंडीत राखाडी भुकटी उरली होती. तांदूळ, पोहे, पाकिटं, काहीच ठेवलं नाही. घर दोन दिवस चारी बाजूंनी उघडं ठेवलं होतं. तरी पहिल्या दिवशी हरिश्चंद्र प्रत्येक खोलीत जाऊन, कोपऱ्यात वाकून वास घेत होता. खाटेखाली, कपाटात, गोधड्यांच्या घडीत. संचिताला गंमत वाटली, तीही त्याच्यामागून नाक फेंदारून फिरली. तो तिच्याबरोबर हसला नाही.

दुसऱ्या सकाळी तो स्वयंपाकघरात गेला. जानकी चुलीपाशी होती. त्याने नवं पाकीट फोडलं, चार दिवसांपुरते कॉर्नफ्लेक्स एका छोट्या घट्ट डब्यात काढले, उरलेल्या पिशवीची हवा दाबून ती गुंडाळली आणि कपडे वाळवायचा चिमटा लावला. डबा त्याने वाफेपासून लांब, पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवला.

"कीड झाली तर?" जानकीने विचारलं.

"झाली तर टाकूया. थोडाच हाडूक होया. जास्त साठवूक नको."

जानकीने डब्याला हात लावला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने एकदाही संचिताला स्वतःच्या हाताने नाश्ता वाढलेला नाही. ते काम आता त्याचं. वाढण्याआधी तो डबा उघडून वास घेतो, आणि दारातून जानकी बघत असते, पोरीने पहिला घास गिळेपर्यंत.

पुढच्या रविवारी तो वैभववाडीला गेला. फोनवर सत्यवान रडला होता, पण हरिश्चंद्राला फोनवरचं रडणं पुरेसं नव्हतं. सत्यवानाच्या घरी कोनाड्यात उदबत्तीच्या पुड्याशेजारी गोळ्यांची डबी होती, झाकण सैल.

"भावोजी, आमी पंधरा वर्सां घालतांव," सत्यवान हळू आवाजात म्हणाला. "कोणाक काय झाला नाय. वाडीत सगळेच घालतत."

"सगळे म्हणजे कोण?"

सत्यवानाने बोटांवर मोजलं. वाडीतली अकरा घरं.

हरिश्चंद्राने पाणीसुद्धा घेतलं नाही. दोघे भर पावसात निघाले. पहिल्या दोन घरांत लोकांनी त्याचं ऐकून घेतलं, डबे बाहेर अंगणात काढले. तिसऱ्या घरी सुभद्रा नावाची म्हातारी एकटीच होती. हिचा मुलगा मुंबईला. तिने हसून सांगितलं की हो, आहे की गोळी, कुळथाच्या डब्यात, खाटेच्या पायथ्याशीच ठेवते, उंदीर पण येत नाहीत. मागची खोली तिची झोपायची. खिडकी पावसामुळे लावलेली. दोन दिवस तिला अन्न जात नव्हतं, वयामुळे असेल म्हणाली.

हरिश्चंद्र दारातच थांबला. आतून येणारा वारा त्याने नाकाने ओढून घेतला आणि सत्यवानाचा दंड पकडला.

"आजी," तो म्हणाला, "आधी भायर या."

"कित्याक रे? बस तरी."

"बसतंय. तुमी भायर या. मगे बसतंय."

ती काठी शोधायला आत वळली. तेव्हा तो चपलांसकट घरात शिरला, तिला दोन्ही हातांनी उचलून पावसात घेऊन आला, आणि सत्यवान गाडी बघायला रस्त्याकडे धावत सुटला.